करडीच्या तेलातली मोटार

जळकोटच्या बलभीम ड्रायव्हरला कुणी म्हटलं, "बलभीमा, एवढं जमंल का?" तर समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो "झालं म्हणून समज" असं सांगून मोकळा व्हायचा. काय करायचं आहे, ते नंतर विचारायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याचा थोरला भाऊ उत्तरेश्वर त्याच्याबद्दल म्हणे आणि ते खोटं नव्हतं. पण दहातल्या आठ वेळा बलभीमचं जमून जाई, हेही खोटं नव्हतं. त्यामुळं त्याची ती खोड कधी मोडली नाही.

घर शेतकऱ्याचं. बलभीमनंही बैलांच्या मागंच जन्म काढला असता, पण एका साली गावाजवळच्या काळ्या रानात जहागीरदारसाहेबांची मोटार निम्मी चाकं बुडेपर्यंत रुतली. पंधरा माणसं ढकलून थकली. अठरा वर्षांच्या बलभीमनं चाकांखाली तुराट्या घातल्या, पुढं बैल जुंपले आणि मोटार काढून दिली. वर साहेबांना ऐकवलं, "सायेब, मोटार चांगली हाय. चालवणाराला रान कळत न्हाय." चालवणारा शेजारीच उभा होता. साहेब हसले आणि त्यांनी बलभीमला गाडी पुसायला ठेवून घेतलं. दोन वर्षांनी गाडी त्याच्याच हातात आली, ती पुढं चौदा वर्षं राहिली.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जहागिऱ्याही गेल्या. साहेब बिऱ्हाड आवरून हैदराबादला निघाले, त्या दिवशी त्यांनी बलभीमला मोटारीजवळ बोलावलं. "तेरेकूच दिया मैं इसकू. संभाल," एवढंच म्हणाले, एक कागद करून दिला आणि भाड्याच्या गाडीत बसून निघून गेले. मोटार नवी नव्हती. वरचा कापडी टप फाटला होता, रंग उडाला होता. पण ती आता बलभीमची होती. त्यानं त्याच संध्याकाळी बायकोला, मथुराबाईला, सांगून टाकलं, "हितून पुढं तुळजापूरला जायचं ते आपल्या गाडीत."

सांगणं सोपं होतं. पण त्या गडबडीच्या दिवसांत मोटारीत बसणारं गावात कुणी उरलं नव्हतं आणि नुसती उभी करून ठेवलेली मोटार काही पोट भरत नाही. शेवटी बलभीमनं ती गोठ्याच्या एका अंगाला लावली, चाकांना दगड दिले, वर कडबा रचला आणि सोलापूरच्या एका शेठजींच्या लॉरीवर नोकरी धरली. सोलापूर ते हैदराबाद आणि परत. रस्ता जळकोटवरनंच जायचा, पण लॉरी थांबायची ती चहापुरती. घरी मुक्काम पडायचा महिन्यातून एखादा.

जाताना त्यानं मथुराबाईला एक काम लावून दिलं. मोटारीचे चार प्लग कसे काढायचे ते दाखवलं, इंजिनाच्या तेलाचा एक डबा हातात दिला आणि म्हणाला, "दर अवसंला चारी भोकांत पळी-पळी तेल घालायचं, हँडल दोन येढं फिरवायचं, प्लग होते तसं बसवायचं. न्हायतर आतनं गंज खाईल."

मथुराबाईनं ते काम देवाच्या दिव्यासारखं धरलं. सात वर्षांत एक अमावास्या चुकली नाही. अंगात ताप असला तरी ती पळी घेऊन गोठ्यात जायची. मोटारीचा दरवाजा मात्र तिनं कधी उघडून पाहिला नाही. जहागीरदारांच्या वेळची सवय, ड्रायव्हरच्या बायकोनं गाडीत बसायचं नसतं. पोटी मूलबाळ नव्हतं. पलीकडच्या अंगणात दीर-जाऊ होते, पण घरात ती एकटीच. एकदा तिनं बलभीमला म्हटलंही होतं, "दुसऱ्या बायका नवऱ्याच्या नावानं खडे फोडत्यात. मला तेवढ्यापुरतं बी तुमी घावत न्हाय." बलभीम हसला होता, पण ते वाक्य त्याच्या मनात सलत राहिलं.

छप्पन सालच्या श्रावणात दोन गोष्टी एकदम घडल्या. जळकोटच्या रस्त्याला कर्नाटकाकडचे देवीचे भक्त बसमधून उतरून तुळजापूरच्या वाहनासाठी तासन्‌तास ताटकळत बसलेले बलभीमला दिसू लागले. आणि शेठजींनी लॉरी हैदराबादच्याही पुढं, पार बेझवाड्यापर्यंत न्यायचं ठरवलं. म्हणजे घरी येणं वर्षातून फार तर दोनदा. बलभीमनं शेठजींना सांगितलं, "मला पंधरा दिवसाची रजा द्या. म्या माझी मोटार चालू करतो आन् जळकोट-तुळजापूर धंदा करतो." शेठजी जुने आणि व्यवहाराचे पक्के. ते म्हणाले, "घटस्थापनेच्या सकाळी लॉरी जळकोटच्या वडाखाली थांबेल. तीनदा भोंगा वाजेल. चढलास तर नोकरी तुझी. नाही चढलास तर जागा दुसऱ्याची."

"त्या दिवशी भोंग्याला भोंग्यानं उत्तर देतो," बलभीम म्हणाला आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात वळकटी घेऊन घरी आला.

कडबा बाजूला झाला. मोटार होती तशीच होती. उंदरांनी गाद्यांचा भुगा करून आतल्या स्प्रिंगा तेवढ्या ठेवल्या होत्या. बलभीमनं हँडल लावलं आणि जोर केला. हँडल हललं नाही. दोन्ही हातांनी केला, पाय देऊन केला. हँडल वाकलं, पण इंजिन फिरलं नाही. सोलापूरच्या ओळखीच्या एका मिस्त्रीला तो मुद्दाम घेऊन आला. मिस्त्रीनं भोकांतून घासलेट ओतलं, दोन दिवस वाट पाहिली, इंजिनावर हातोडीनं टकटक केलं आणि न उघडताच निकाल दिला. "गंजानं गिळलं आहे आतून. भंगारात घाला."

तो गेल्यावर बलभीमनं सदरा काढून खुंटीला अडकवला. "घासलेटाला न बधणारा गंज म्या अजून बघितला न्हाय," तो मथुराबाईला म्हणाला. "उघडून बघतो. माणसानं केलेली वस्तू माणसाला उघडता येती."

उत्तरेश्वर ओट्यावरून हे बघत होता. "बलभीमा, पितरांचा पंधरवडा चालू हाय. तिकडं तुळजापुरात देवी आज पलंगावर निजली. असल्या दिवसात नवं काम काढतेत व्हय?"

"दादा, नवं कुठं हाय? इंजिन लई जुनं हाय," बलभीम म्हणाला. "आन् देवी घटस्थापनेच्या पहाटे उठती. तिच्या मागोमाग ही बी उठंल. आठ दिस हायेत हातात."

पहिल्या दिवशी त्यानं इंजिनाचं वरचं झाकण उतरवलं. लाल गंजाची पूड बघायची त्याची तयारी होती. आत लाल काहीच नव्हतं. चारी सिलिंडरांच्या भिंतींना, पिस्टनच्या डोक्यांवर, व्हॉलांच्या, म्हणजे झडपांच्या, बुडाशी तपकिरी, चकचकीत, काचेसारखा कडक थर बसला होता. नख लागत नव्हतं. पटाशीनं कोपरा उडवला तर त्याची कपची निघाली. असलं काही त्यानं मोटारीवरच्या सोळा वर्षांत आणि लॉरीवरच्या सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

गावात वीरप्पाचा तेलाचा घाणा होता. बलभीमचा लहानपणापासूनचा सोबती. बैल सोडून तो सहज गंमत बघायला आला, कपची हातात घेतली, विडीच्या काडीवर धरली आणि हुंगली.

"हे रोगण हाय की, बलभीमा," तो म्हणाला. "करडीचं. मोटेच्या कातड्याला आमी जे कढवून लावतो, तेच. करडीचं तेल हवेला पातळ पसरलं की वाळतंय, आन् वाळलं की पुन्हा घासलेटाला काय कशाला दाद देत न्हाय. पर इंजिनात करडीचं तेल गेलं कसं?"

दारात मथुराबाई ताक घेऊन उभी होती. तिचा हात तिथंच थांबला.

"म्या घातलं," ती म्हणाली. "तुमी दिलेला डबा आठ महिन्यांत सरला. मागनं घाण्याचं ताजं तेल घातलं, दर अवसंला. घरात खायला जे तेल, तेच. ते काळं तेल त्याच्यापरीस चांगलं असंल असं मला वाटलं न्हाय." थोडं थांबून ती पुढं म्हणाली, "तिसऱ्या सालापास्नं हँडल जड जायला लागलं. पुढं पुढं तर हलंचना. मला वाटलं, माझ्याच मनगटातला जोर सरला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत झाली होती. बलभीम सोलापूरहून मिस्त्री घेऊन आला आणि दुखणं घरच्या पळीत होतं. मथुराबाईची यात काय चूक होती? त्या मुलखात दिव्यात करडी, भाजीत करडी, गाडीच्या आसाला करडी, दुखऱ्या गुडघ्याला करडी. तेल म्हणजे करडी, हे इथं शिकवावं लागत नाही. आणि डबा संपल्यावर काय करायचं, हे बलभीमनंच सांगितलं नव्हतं. पण राग आला की माणूस हिशोब सरळ मांडत नाही. वीरप्पासमोर बलभीम म्हणाला, "म्या सात वर्षं हिच्यावर जीव टांगला आन् तू हिला फोडणी देत बसलीस."

मथुराबाईनं ताकाचा तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि ती आत गेली. वीरप्पाही तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणत उठला. बलभीम एकटा इंजिनासमोर बसून राहिला. बोललेलं परत गिळता येत नाही, आणि त्याला ते गिळावंसं फार वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून "झालं म्हणून समज" निघेना.

घटका-दीड घटकेनं मथुराबाई बाहेर आली. तिच्या हातात देवापुढची पितळी समई होती. वर्षभराच्या करडीच्या तेलानं तिच्यावर काळं किटण चढलं होतं, पण निम्मी समई लख्ख होती, नुकतीच घासल्यासारखी. तिनं ती बलभीमसमोर झाकणावरच ठेवली.

"नवरात्राच्या आधी दर साली ही धुती म्या," ती म्हणाली. "हे तेल का चिकटतं ते मला ठाव न्हाय. पर चिकटल्यावर कसं काढायचं, ते ठाव हाय. राखेचं पाणी, धुण्याचा सोडा, आन् उकळी. घासायचं न्हाय, उकळायचं. आपसूक सुटतं."

बलभीमनं समई उचलली, फिरवून पाहिली. मग इंजिनाकडं पाहिलं. मग बायकोकडं. "एवढं मोठं उकळायचं कशात?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात जुना बलभीम परत आला होता.

"गुऱ्हाळाची फुटकी काहील परसात पालथी पडलीया. वीरप्पाण्णा तेलाचं डबं झाळत्यात, त्यांच्याकडनं तिला एक झाळ मारून घ्या."

घटस्थापनेच्या आधी त्या भागात घरातली चिंधीन्‌चिंधी धुवायची रीत आहे. अंथरुणं, पांघरुणं, भांडी, कणग्यांवरची फडकी, सगळं पाण्यातून निघतं. त्या साली बलभीमच्या घरच्या धुण्यात मोटारीचं इंजिनही पडलं, आणि गावातल्या बायकांना हसायला आठ दिवस पुरलं.

पण धुवायला आधी ते बाहेर काढायला हवं. पाच-सहा मण वजनाचा बिडाचा गोळा. सोलापूरच्या वर्कशॉपात त्याला साखळीची घोडी असते. बलभीमकडं लिंबाचं झाड होतं आणि भावाची मोट होती. त्यानं मोटार ढकलत लिंबाखाली नेली, विहिरीवरचं मोटेचं चाक सोडवून जाड फांदीला बांधलं, नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, चाकावरून घेऊन एक टोक इंजिनाला आवळलं आणि दुसरं उत्तरेश्वरच्या बैलांच्या जुवाला.

"माझ्या बैलांचा पाय गेला म्हंजे?" उत्तरेश्वर म्हणाला.

"दादा, तुमचे बैल मोटेचे हायेत. आता तुमीच बघा त्यांची करामत."

मोटेचे बैल इतर बैलांसारखे नसतात. उतारानं पुढं जाऊन भरली मोट ओढणं कुठलाही बैल करील. पण मोट रिकामी झाली की तोंड न वळवता, धन्याच्या आवाजावर, एक-एक पाऊल मागं टाकत चढ चढणं हे मोटेच्याच बैलाला येतं. उत्तरेश्वरनं "चल राजा" म्हटलं, बैल पुढं झाले, नाडा ताठ झाला, फांदी कुरकुरली, आणि इंजिन मोटारीच्या पोटातून सरळ वर आलं. माणसांनी मोटार मागं ढकलली. तिच्या जागी काहील आणून ठेवली.

"आता मागं," बलभीम म्हणाला. "एक पाऊल."

उत्तरेश्वरनं जीभ टाळूला लावून आवाज काढला. बैल एक पाऊल मागं आले आणि इंजिन हातभर खाली आलं. "आणखी एक. आता अर्धं." बैलांनी अर्धंही पाऊल टाकलं. काहिलीत इंजिन टेकलं तेव्हा ठण्ण असा आवाजसुद्धा झाला नाही. उत्तरेश्वर बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. पितरांच्या पंधरवड्याबद्दल तो त्यानंतर एक अक्षर बोलला नाही.

मथुराबाईनं पाणी, राख आणि सोडा आपल्या अंदाजानं घातला. खाली तुराट्यांचा आणि बाभळीचा जाळ लावला. चुलीपुढं तिचा हुकूम चालायचा. काहिलीपुढंही तोच चालला. बलभीमनं दोनदा "बघू का सुटलं?" म्हणून हात पुढं केला आणि तिनं दोनदा तो मागं सारला. दुपारपर्यंत पाणी उसाच्या मळीसारखं काळं झालं. तसलं पाणी तीनदा बदललं. चौथ्यांदा पाणी बऱ्यापैकी निवळ राहिलं, तेव्हा तिनं जाळ ओढला.

"आता बघा," ती म्हणाली.

बलभीमनं पहिल्या पिस्टनवर लाकडाचा ठोकळा धरला आणि वरून धुण्याच्या धोपटण्यानं मारलं. पिस्टन बोटभर सरकला. दुसऱ्या तडाख्याला आणखी सरकला. चौथ्या तडाख्याला तो खालून त्याच्या हातात आला. त्यानं फडक्यानं सिलिंडर आतून पुसला, इंजिनाचं तोंड उन्हाकडं करून घेतलं आणि आत डोळा लावला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"काय झालं?" मथुराबाईनं विचारलं. तिला वाटलं, आता आणखी काही निघालं.

"हिकडं ये. बघ."

तिनं पाहिलं. आत नव्या ताटासारखं लख्ख होतं. एक ठिपका नव्हता.

बलभीम खाली बसला. "सात वर्षं उभ्या गाडीचं पोट म्या बघितलंय," तो म्हणाला. "आतनं चाळणी झालेली असती. घासून घासून भिंत पातळ व्हती, मग ती टाकावीच लागती. माझा डबा सरल्यावर तू काय बी घातलं नसतंस, तर हिचं बी तेच झालं असतं आन् मिस्त्री खरा ठरला असता. तुझ्या तेलानं हिला जखडलं, पर गंजाला आत पाय ठेवू दिला न्हाय." मग त्यानं मान खाली घालून म्हटलं, "त्या दिशी म्या वंगाळ बोललो. वीरप्पापुढं बोललो. ते बोलायला नको व्हतं."

मथुराबाईनं पदरानं कपाळावरचा घाम पुसला. तिला बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही. "वीरप्पाण्णांपुढंच पुन्हा म्हना," ती म्हणाली.

बलभीमनं खरंच तसं केलं. संध्याकाळी तो घाण्यावर गेला आणि दोन गिऱ्हाइकांच्या देखत सगळं सांगून आला.

पुढचे दिवस जोडणीचे होते आणि जोडणीत बलभीमचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारीक पूड आणि तेल लावून व्हॉल त्यांच्या बैठकीवर घासायचे असतात. दोन तळव्यांत दांडी धरून मागं-पुढं फिरवायची. बलभीमचे हात एका व्हॉलात भरून आले. मथुराबाईनं लहान रवीवर उभा जन्म ताक घुसळलं होतं. तिनं उरलेले सात एका दुपारी करून दिले. तांब्याचं जुनं पॅकिंग बलभीमनं चुलीत लाल करून पाण्यात टाकलं, तसं ते मऊ होऊन पुन्हा कामाला आलं. खालच्या तेलाच्या परातीचं पॅकिंग मात्र फाटलंच होतं. त्यासाठी त्यानं फुटक्या मोटेचं कातडं कापलं आणि वीरप्पाला म्हणाला, "थोडं रोगण दे. करडीचंच."

"अजून हौस फिटली न्हाय?"

"इंजिनात ते नको व्हतं. पर दोन लोखंडांच्या फटीत त्याच्यासारखं चिकटणारं दुसरं काय बी न्हाय. जागा चुकली व्हती, तेल न्हाय."

ते रोगण त्यानं स्वतः लावलं नाही. वाटी मथुराबाईपुढं धरली. तिनं समईला वात लावावी तसं एका बोटानं ते कातड्यावर कडेकडेनं सारखं लावलं.

सुट्या केलेल्या वस्तूंची जबाबदारी तिचीच होती. पितळी डब्यांत बोल्ट, ताटांत रिंगा, आणि चार प्लगांच्या चार तारा भिंतीवरच्या चार खुंट्यांना ओळीनं. सर्वपित्री अमावास्येला बैलांनी इंजिन पुन्हा मोटारीत उतरवलं. नळदुर्गहून बॅटरी भरून आली. संध्याकाळी बलभीम हातपाय धुऊन आला, तर दाराआड त्याची वळकटी बांधून ठेवलेली दिसली.

"हे कशाला?"

"असू द्या," मथुराबाई म्हणाली. "लॉरी काय तुमच्यासाठी ताटकळत बसनार न्हाय. ऐन टायमाला बांधायला येळ लागतो."

"माझ्यावर भरवसा न्हाय?"

"तुमच्यावर हाय. पर सात वर्षं म्या हीच बांधत आलीया. हाताला सवय झाली."

बलभीमनं वळकटी होती तिथंच राहू दिली.

घटस्थापनेच्या सकाळी ऊन कोवळं होतं. घरात घट बसला, समई लागली. तिकडं तुळजापुरात देवी उठून सिंहासनावर बसली असेल, असं म्हणत बलभीमनं मोटारीला हळद-कुंकू लावलं, तारा जोडल्या, पेट्रोल ओतलं. उत्तरेश्वर, वीरप्पा आणि निम्मी आळी अंगणात होती. "झालं म्हणून समजा," बलभीम सगळ्यांना म्हणाला आणि त्यानं हँडल फिरवलं.

इंजिन आता लोण्यासारखं फिरलं. पण पेटलं नाही. पुन्हा फिरवलं, एक फटका बसला आणि कार्बोरेटरातून उलटा धूर आला. तिसऱ्यांदा तेच.

तेवढ्यात रस्त्याकडून भोंगा वाजला. लांब, ओळखीचा. लॉरी वडाखाली आली होती.

बलभीमच्या कपाळावर घाम आला. हवा बरोबर, पेट्रोल बरोबर, ठिणगी पडत होती. तरी उलटा मार येत होता. त्यानं पुन्हा हँडल मारलं. पुन्हा धूर. दुसरा भोंगा वाजला. मथुराबाईनं दाराआडच्या वळकटीकडं एकदा पाहिलं आणि ती मोटारीजवळ येऊन वाकली.

"ह्या तारा तुमी कुठनं मोजल्या?" तिनं विचारलं.

"दाराकडनं. पयली, दुसरी, तिसरी, चौथी."

"म्या देवाकडनं लावल्यात," ती म्हणाली. "पयलं जे काय असतं ते देवाच्या बाजूला. ताट असू द्या न्हायतर तार."

बलभीमनं कपाळावर हात मारला. देवघर भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. चारी तारा उलट्या लागल्या होत्या. पहिलीची चौथी, दुसरीची तिसरी. त्यानं त्या ओढून काढल्या आणि मथुराबाईनं बोट दाखवलं तशा एकामागून एक बसवल्या. हँडल लावलं. एकच वेढा दिला.

मोटार खोकली, थरथरली आणि चालू झाली. आधी काळा धूर, मग पांढरा, मग नुसता आवाज, चारी सिलिंडरांचा, एका लयीत. उत्तरेश्वरचे बैल गोठ्यात कान टवकारून उभे राहिले. वीरप्पानं टोपी काढून पुन्हा घातली. बोनेटवर हात ठेवून बलभीम नुसता ऐकत राहिला.

रस्त्याकडून तिसरा भोंगा वाजला.

बलभीम ताडकन वळला, घरात गेला आणि दाराआडची वळकटी उचलून बाहेर आला. मथुराबाईचा चेहरा उतरला. नोकरी ती नोकरी, असं या माणसाला ऐन वेळी वाटलं असणार. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि ती भिंतीकडं सरली.

बलभीमनं मोटारीचा डावा दरवाजा उघडला. आत गादीच्या जागी उघड्या स्प्रिंगा होत्या. त्यानं वळकटीची दोरी सोडली, घोंगडं चौघडी करून स्प्रिंगांवर अंथरलं, वर सतरंजी टाकली आणि हातानं दाबून पाहिलं.

"बस," तो म्हणाला.

"म्या? पुढं?"

"मंग कुणी?"

मथुराबाई बसली. अवघडून, कडेला, पाय जवळ घेऊन. मोटार अंगणातून निघून गल्लीतून रस्त्याला लागली, तेव्हा मात्र ती नीट मागं टेकली. वडाजवळ येताच बलभीमनं रबरी भोंगा दाबला, एकदा, दोनदा, तीनदा. लॉरीवरचा जोडीदार रामकिसन खिडकीतून अर्धा बाहेर आला. त्यानं मोटार पाहिली, मथुराबाई पाहिली, आणि खाली वाकून विचारलं, "चढतो का न्हाय? तुझी वळकटी कुठं हाय?"

"हाय की," बलभीम म्हणाला. "तिच्यावर आमच्या घरचं मानूस बसलंय. आता ती काय निघायची न्हाय. तू हो पुढं."